समूह प्रदर्शन : ३१ चित्रं, ११ शिल्पं, दोन दालनं. मांडणी कुठून सुरू करावी?

नवी_मांडणी

नमस्कार मंडळी. नऊ चित्रकार आणि चार शिल्पकार यांचं एकत्र प्रदर्शन आहे. कालावधी ३० दिवस, रोज ८ तास खुलं. मोठं दालन १२ × ७ मीटर, छोटं ६ × ५ मीटर, छत दोन्हीकडे ३.३ मीटर. दारं-खिडक्या वगळून टांगण्याजोगी भिंत साधारण ५० मीटर भरते. मोठ्या दालनाची एक लांब भिंत जिप्सम बोर्डची आहे, बाकी सगळ्या विटांच्या.

चित्रांच्या रुंदीची बेरीज ३१ मीटरच्या आसपास येते. त्यात २४० × १८० सेंमीचं एक तैलचित्र (फ्रेमसकट १८ किलो), काचेच्या फ्रेममधली सहा जलरंगांची मालिका आणि जाड थरांची काही ॲक्रिलिक आहेत. त्यातली दोन ॲक्रिलिक अगदी ताजी आहेत. शिल्पांमध्ये ११० किलोचा दगड, ब्रॉंझची तीन मस्तकं (प्रत्येकी साधारण २० किलो), पातळ अंगाची पाच टेराकोटा, एक उभं लाकडी शिल्प आणि छताला टांगायचं ४ किलोचं तारेचं शिल्प.

विचारायचं हे की आधी काय ठरवावं, चित्रं की शिल्पं? उंची कशी धरावी? मस्तकांसाठी ३० × ३० सेंमीचे, ११० सेंमी उंच स्टँड करायचा विचार आहे, ते पुरतील का? प्रकाश आणि कागदपत्रांबद्दलही सांगा.

खिळा_ओळंबा

आधी शिल्पं. चित्राची जागा बदलायची तर दोन खिळे हलवायचे आणि भोकं बुजवायची. दगडाची जागा बदलायची तर चार माणसं आणि ट्रॉली लागते, शिवाय त्याच्या भोवतालची सगळी चित्रं आधी उतरवावी लागतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे चित्र बघणारा माणूस मागे सरकतो आणि सरकताना मागे बघत नाही. त्याची ही मागे जायची जागा शिल्पं मांडतानाच मोकळी ठेवावी लागते.

किती मोकळी? चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर मी किमान धरतो. तुमच्या मोठ्या तैलचित्राचा कर्ण बरोबर ३ मीटर येतो, म्हणजे साडेचार मीटर मोकळे हवेत. लांब भिंतीवर लावलंत तर ७ मीटरच्या रुंदीतले उरतात अडीच. त्यातून माणसांची ये-जा वजा केली की समोर शिल्प ठेवताच येत नाही. हेच चित्र ७ मीटरच्या आखूड भिंतीवर लावा. समोर १२ मीटरची खोली मिळेल, चित्र दारातूनच दिसेल आणि वजन विटांच्या भिंतीवर जाईल.

आता संख्या. ५० मीटर भिंतीवर ३१ मीटर चित्रं म्हणजे ६२ टक्के भिंत भरली. उरलेल्या १९ मीटरमध्ये कोपरे, लेबलं आणि चित्रांमधल्या फटी बसवायच्या, तर दोन चित्रांत जेमतेम अर्धा मीटर उरतो. एकाच चित्रकाराच्या सलग कामांना तेवढं चालतं. पण नऊ वेगवेगळे हात शेजारी येतात तेव्हा एकाचा लाल दुसऱ्याच्या राखाडीत घुसतो. समूह प्रदर्शनात चित्रांची रुंदी निम्म्या भिंतीच्या वर जाऊ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. सहा चित्रं कमी करा, आणि ती मांडणीच्या दिवशी नाही, आत्ताच चित्रकारांशी बोलून. आणलेलं काम भिंतीला टेकवून ठेवायचं आणि मग परत पाठवायचं, यात माणसं दुखावतात.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर धरा. हुकाची जागा काढायची तर मध्याच्या उंचीत चित्राची अर्धी उंची मिळवायची आणि चित्रामागची ताणलेली वायर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करायचं. ९० सेंमी उंच चित्राची वायर ८ सेंमी खाली येत असेल तर १५० + ४५ − ८ = १८७ सेंमी. वायर मोजताना ती हुकावर ओढावी तशी बोटाने वर ओढून मोजा. सैल मोजलीत की प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीवर जातं. आणि १५० म्हणजे काही कायदा नाही. अमेरिकी चित्रकार मार्क रोथकोने १९६१ सालच्या लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी आपली मोठी चित्रं जमिनीलगत, शक्यतो ६ इंचांपेक्षा वर नको, असं कळवलं होतं. अंगावर येणारं मोठं चित्र असेल तर चित्रकाराला विचारून ते खाली घ्या.

वायरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. वायर जितकी सपाट तितकं चांगलं, असं वाटतं, पण ताण उलट वाढतो. वायर आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या वजनाइतका ताण येतो. १५ अंशांवर आली की तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याचा बराचसा भाग आतल्या दिशेने ओढतो. पातळ फ्रेमच्या उभ्या पट्ट्या आत वाकतात आणि डी-रिंगचे (फ्रेमच्या मागे बसवलेल्या डी आकाराच्या कड्यांचे) स्क्रू तिरके होऊन बाहेर येतात. म्हणून १० किलोच्या वर मी वायर वापरतच नाही, दोन डी-रिंग थेट दोन हुकांवर. १८ किलोच्या चित्राला तर ४५ अंशांत कापलेल्या पट्ट्यांची जोडी लावा. एक पट्टी भिंतीला, एक फ्रेमला, दोन्ही एकमेकींत अडकतात. वजन लांबीभर वाटलं जातं आणि चित्र नंतर तिरकं होत नाही.

जिप्समच्या भिंतीला साधा रॉलप्लग (भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) धरत नाही. आतल्या जिप्समचा भुगा होऊन तो सैल होतो आणि चार दिवसांनी प्लगसकट खिळा बाहेर. आतल्या उभ्या पट्ट्या शोधा (बोर्डावर लोहचुंबक फिरवलं की स्क्रू सापडतात, ते पट्टीवरच असतात). पट्टी जिथे हवी तिथे नसेल तर मागे पंख उघडणारे टॉगल बोल्ट वापरा. या भिंतीवर हलकीच कामं ठेवा.

भिंती रंगवणार असाल तर रंग आणि टांगणं यांत किमान तीन-चार दिवस सोडा. वरून सुकलेला इमल्शन आतून ओला असतो, फ्रेमची मागची कड त्याला चिकटते आणि उतरवताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

छिन्नी

स्टँडचं उत्तर आधी देते, कारण तिथे धोका आहे. ३० × ३० पुरणार नाही.

हिशोब बघा. १८ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) ३० × ३० × ११० चा पोकळ स्टँड साधारण २० किलोचा होतो. वर २० किलोचं मस्तक. एकूण ४० किलो, आणि पायाच्या मध्यापासून कडेपर्यंत फक्त १५ सेंमी. वरच्या कडेला आडवा धक्का बसला तर तो उलटायला ४० × १५ ÷ ११० = साधारण साडेपाच किलोचा जोर पुरतो. खांद्यावरची पिशवी घेऊन वळणाऱ्या माणसाचा धक्का तेवढा सहज असतो. पाया ४५ सेंमी केलात तर स्टँडही जड होतो (सुमारे २९ किलो) आणि हाच जोर १० किलोपर्यंत जातो. त्याच स्टँडच्या तळाशी ४० किलो वाळूच्या पिशव्या टाकल्या की १८ किलो. म्हणजे रुंदी आणि तळातलं वजन दोन्ही लागतं, एकावर भागत नाही. हा हिशोब वजन बरोबर मधोमध आहे असं धरून आहे. मस्तकाची मान पुढे झुकलेली असेल तर पुढच्या बाजूचे सेंटिमीटर आणखी कमी होतात, तेव्हा ते स्टँडवर तितकंच मागे सरकवा. स्टँडची मागची फळी स्क्रूवर काढता-घालता येईल अशी करा, वाळू आत ठेवायला आणि शिल्प खालून बोल्टने आवळायला.

स्टँडला लावलेला इमल्शन दिवसेंदिवस किंचित चिकट राहतो. त्यावर २० किलो महिनाभर बसलं की ब्रॉंझच्या तळाला रंगाचा ठसा येतो आणि उचलताना स्टँडचा वरचा थर उचकटतो. तळाच्या आकाराहून दोन मिमी आत कापलेली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म मध्ये घाला, दिसत नाही आणि काम चोख होतं.

छोटी शिल्पं सूक्ष्मस्फटिकी मेणाच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यांनी स्टँडला बसवतात, ते ब्रॉंझला ठीक. पण टेराकोटाला हे मेण लावू नका. चकाकी न दिलेली भाजलेली माती सच्छिद्र असते, मेणातलं तेल शोषते आणि तळाकडून वर चढणारा गडद डाग पडतो, तो निघत नाही. टेराकोटाच्या पायाला बाहेरून धरणाऱ्या तीन-चार बारीक पितळी पिना ठोका आणि पिनांवर मऊ पॉलिथिनची नळी चढवा. आल्या आल्या प्रत्येक टेराकोटा दोन्ही हातांनी खालून धरून बोटाच्या पेराने हलकं वाजवून बघा. धड असेल तर स्वच्छ नाद येतो. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो कुठे आहे ते शोधून मगच पुढे जा.

हातमोज्यांचं : ब्रॉंझला नायट्राइलचे (पातळ रबरी), कारण घामातल्या क्षारांनी चकचकीत भागावर बोटांचे ठसे कोरले जातात. सुती मोजे गुळगुळीत दगडावर घसरतात. टेराकोटा धुतलेल्या कोरड्या हातांनीच उचला, पकड कळते.

दगड दालनात सर्वांत आधी आणा, भिंती रिकाम्या असताना. त्याला कधीही बाहेर आलेल्या भागाला धरून उचलायचं नाही, पायाखालूनच. तो ठेवायचा तिथे १८ मिमी प्लायवूडचा मोठा तुकडा टाका म्हणजे भार एका फरशीच्या कोपऱ्यावर येत नाही. जमीन समपातळीत नसेल तर पाचरी लाकडाच्या नको, दबतात. शिशाच्या किंवा कडक प्लास्टिकच्या घ्या.

लाकडी शिल्पाला स्टँड करण्याआधी शिल्पकाराला विचारा. शिल्पकार ब्रांकुशी आपल्या शिल्पांचे पाये स्वतः घडवायचा आणि ते कामाचाच भाग असायचे. ब्रिटिश शिल्पकार अँथनी कॅरोने १९६० च्या दशकात चौथरा काढून टाकून शिल्प थेट जमिनीवर आणलं, त्याला अर्थ होता. पांढऱ्या ठोकळ्यावर चढवलेलं जमिनीवरचं शिल्प वेगळंच काम होऊन बसतं. जमिनीवर ठेवलंत तर भोवती दीड मीटर वाट सोडा. चाकाच्या खुर्चीला वळायला तेवढी लागतेच.

नवी_मांडणी

पाया ४५ चा करतो, वाळूही घालतो. दोन शंका. तारेच्या शिल्पाला शिल्पकार पारदर्शक नायलॉन मागतायत, दिसत नाही म्हणून. चालेल? आणि चित्रकारवार भिंती वाटून द्याव्यात का? सगळ्यांना तसंच हवं आहे.

छिन्नी

नायलॉन नको. सतत भाराखाली ते हळूहळू लांबत जातं, म्हणजे पहिल्या दिवशी समतोल असलेलं शिल्प आठवड्याने कललेलं दिसतं. गाठीही गुळगुळीत असतात आणि सरकतात. १ ते १.५ मिमीची स्टीलची वायररोप घ्या, टोकांना दाबून बसवलेल्या क्लिपा, वर एक फिरकी कडी म्हणजे शिल्प फिरताना दोर पिळला जात नाही. राखाडी बारीक दोर दोन मीटरवरून दिसतही नाही. आधार वरच्या पक्क्या स्लॅबमध्ये, खोट्या छतात अजिबात नाही. दोर, क्लिप, कडी, अँकर यांतली प्रत्येक गोष्ट वजनाच्या किमान पाचपट भार पेलणारी हवी, आणि सोबत एक दुसरा सैल दोर वेगळ्या अँकरला. शिल्पाचं खालचं टोक २१० सेंमीच्या खाली येत असेल तर त्याच्या बरोबर खाली जमिनीवर काहीतरी ठेवा, बुटकी बैठक किंवा उचललेली कड. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला हवेतली वस्तू कळत नाही, जमिनीवरची कळते.

खिळा_ओळंबा

भिंती वाटून द्या. प्रत्येकाची दोन-तीन कामं एकत्र आली की हात ओळखू येतो. एकेक करून विखुरली की बघणारा लेबलं वाचत फिरतो.

उजेड_सावली

इथे माझं मत वेगळं आहे. भिंती वाटल्या की नऊ छोटी एकल प्रदर्शनं होतात आणि शिल्पं मधल्या सामानासारखी उरतात. मधला मार्ग आहे : प्रत्येकाची दोन कामं शेजारी, तिसरं दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत, जिथे काही बोलणं होतं. जाड थरांचं ॲक्रिलिक आणि खडबडीत टेराकोटा एका नजरेत आले की दोन्हींचा पोत कळतो. हे कागदावर ठरत नाही. १:२० प्रमाणात पुठ्ठ्याची दालनं करा, चित्रांचे रंगीत प्रिंट त्याच प्रमाणात कापा आणि डोळा दाराच्या उंचीवर आणून बघा.

आता प्रकाश. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी ३० अंशांत चित्राच्या मध्यावर पडावा. छत ३.३ मीटर, मध्य १.५ मीटर, फरक १.८. त्याला ०.५८ ने गुणलं की १.०४ मीटर. ट्रॅक (दिवे बसवायची छतावरची पट्टी) भिंतीपासून एवढ्या अंतरावर हवा. फार जवळ घेतला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि कॅनव्हासची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. दोन मीटरवर नेला तर वार्निश चमकतं आणि बघणाऱ्याची स्वतःचीच सावली चित्रावर. मोठ्या तैलचित्राला एकच अरुंद झोत मारू नका, कडा काळ्या पडतात. रुंद कोनाचे दोन दिवे घ्या. जाड थरांच्या ॲक्रिलिकचा दिवा मात्र किंचित भिंतीकडे सरकवा, थरांच्या सावल्या त्या चित्रांना हव्याच असतात.

दोन्ही दालनांत सगळे दिवे एकाच रंगतापमानाचे, ३००० केल्व्हिन, आणि रंगदर्शकता (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर. एखादा ४००० चा दिवा मध्ये आला की त्याखालचा पांढरा निळसर होतो आणि चित्रकाराला वाटतं चित्र बिघडलं.

जलरंग छोट्या दालनात न्या. कागदावरच्या रंगांना ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), तैल आणि ॲक्रिलिकला २०० पर्यंत चालतं. नुकसान तीव्रता गुणिले वेळ असं साचत जातं : ५० लक्सवर ३० दिवस रोज ८ तास म्हणजे १२,००० लक्स-तास, २०० वर तेच ४८,०००. आणि फिका पडलेला रंग परत येत नाही. पण २०० च्या दालनातून थेट ५० च्या दालनात आलं की सगळं अंधारलेलं वाटतं. त्यासाठी दाराजवळचे पहिले एक-दोन दिवे १०० च्या आसपास ठेवा, तेवढ्या पावलांत डोळा सरावतो. लक्स मीटर भिंतीला समांतर, चित्राच्या पृष्ठभागावर धरून मोजा, वर तोंड करून नाही. खिडकी असेल तर पडदा लावाच, एलईडीत अतिनील जवळजवळ नसतो, उन्हात भरपूर असतो. काचेच्या फ्रेमसमोर उजळ खिडकी किंवा दुसरा स्पॉट आला की काचेत तोच दिसतो. टांगण्याआधी जागेवर नुसती काच धरून बघा.

ब्रॉंझच्या मस्तकांना थेट डोक्यावरून दिवा दिला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि नाकाची सावली हनुवटीपर्यंत येते. एका बाजूने मुख्य दिवा, समोरच्या बाजूने त्याच्या तिसऱ्या भागाइतका मंद दिवा. मग मस्तकाची सावली मागच्या चित्रावर पडते का ते तपासा. पडत असेल तर दिवा नाही, स्टँड हलवा, भिंतीपासून दोन मीटर आणलात की प्रश्न सुटतो.

नोंदवही

कागदपत्रांचं थोडक्यात. करार प्रत्येक कलाकाराशी वेगळा. त्यात कामाचं नाव, वर्ष, माध्यम, उंची × रुंदी × खोली सेंमीमध्ये (याच क्रमाने, नाहीतर उभं चित्र कॅटलॉगमध्ये आडवं छापलं जातं), वजन आणि विम्याची किंमत. विमा कलाकाराच्या स्टुडिओच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंतचा हवा. नुसत्या प्रदर्शनकाळाचा घेतला तर वाहतूक उघडी राहते, आणि बहुतेक मोडतोड वाहतुकीत आणि चढवता-उतरवताना होते. विक्रीचा वाटा, पैसे किती दिवसांत, विकलेलं काम शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवर राहील हे कलम, आणि छायाचित्रांची परवानगी. चित्र विकलं तरी त्याच्या प्रतिमेचा हक्क बहुतेक देशांच्या कायद्यात वेगळ्या लेखी कराराशिवाय चित्रकाराकडेच राहतो, तो वेगळा लिहा.

प्रत्येक काम आलं की अवस्था-नोंद करा, कलाकार किंवा वाहतूकदार समोर असताना. समोरून, मागून, चारही कोपरे आणि एक फोटो बाजूने तिरका उजेड टाकून. सैल कॅनव्हास, उचकटलेले थर, जुने पोचे त्या तिरक्या उजेडातच दिसतात. परत पाठवताना तेच फोटो शेजारी ठेवून पुन्हा तपासायचं आणि सह्या घ्यायच्या.

ती दोन ताजी ॲक्रिलिक जपा. वरून हाताला कोरडी लागली तरी जाड थर आतून आठवडे-आठवडे मऊ असतो, आणि ॲक्रिलिक उष्णतेत पुन्हा चिकट होतं. बबल रॅप थेट लावला की पृष्ठभागावर गोल गोल ठसे, ते पुसता येत नाहीत. थराच्या सर्वांत उंच टोकापेक्षा तीन सेंमी खोल अशी लाकडी चौकट भोवती बसवा आणि आवरण चौकटीवरून गुंडाळा, चित्राला काहीही टेकायला नको. बाकी पक्क्या सुकलेल्या ॲक्रिलिकवर सिलिकॉनचा थर दिलेला कागद, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. जलरंगांच्या काचेवर मास्किंग टेप आडवी-उभी-तिरकी चिकटवा म्हणजे फुटली तरी तुकडे कागदावर घसरत नाहीत. प्रतिबिंबरोधक काच असेल तर टेप लावू नका, वरचा थर निघतो.

नवी_मांडणी

चित्रं २५ वर आणतोय, आणि पुठ्ठ्याचं दालन करायला घेतलं आहे. लेबलं कुठे लावायची एवढंच राहिलं. शिल्पांची लेबलं स्टँडच्या माथ्यावर चालतील का?

खिळा_ओळंबा

माथ्यावर नको. वाचायला माणूस शिल्पावर वाकतो आणि स्टँडला हात टेकतो. स्टँडच्या दर्शनी बाजूला मधोमध लावलं तर फार खाली जातं. जवळच्या भिंतीवर, नाहीतर स्टँडच्या कडेला वरून १० सेंमीवर. चित्रांचं लेबल उजवीकडे, फ्रेमपासून १५ सेंमी, मध्य १४० सेंमीवर, सगळ्यांचं एकाच रेषेत, चित्र लहान असो की मोठं. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको. जलरंगांच्या दालनात २२ घ्या, तिथे उजेड कमी आहे. आणि लेबलं दिवे लावून झाल्यावरच चिकटवा, आधी लावलीत तर निम्मी फ्रेमच्या सावलीत जातात.

उजेड_सावली

त्यात एक भर : लेबलाचा कागद चकचकीत आणि पांढराशुभ्र नको. ५० लक्सच्या खोलीत तो चित्रापेक्षा जास्त उजळ दिसतो आणि नजर आधी तिकडे जाते. भिंतीच्या रंगाजवळचा मॅट कागद घ्या.

छिन्नी

आणि वाळूच्या पिशव्या स्टँडमध्ये टाकण्याआधी प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत बंद करा. एमडीएफच्या सांध्यातून वाळू झिरपली की फरशीवर येते, तिच्यावरून स्टँड सरकवला की खालच्या फरशीवर ओरखडे. ओली वाळू तर घालूच नका, एमडीएफ खालून फुगतो आणि स्टँड डुगडुगायला लागतो.